बारा आठवडे, बारा जुने हॉलिवूडपट: बघायचे कसे आणि लिहायचं काय

तीन वर्षांपूर्वी एक जानेवारीला मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले, की यंदा जुने हॉलिवूडचे शंभर सिनेमे बघणार आणि प्रत्येकावर लिहिणार. एप्रिल संपता संपता तेविसाव्यावर गाडी अडली. परीक्षणं झाली होती अकरा. ती अकरा एका दुपारी सलग वाचायला बसले, तर नाव झाकल्यावर कोणतं कोणत्या सिनेमाचं हे मलाच ओळखू येईना. जिकडेतिकडे ‘कथानक खिळवून ठेवतं’, ‘कृष्णधवल छायाचित्रण अप्रतिम’, ‘पार्श्वसंगीत प्रसंगाला साजेसं’. लहानपणापासून पेपरात वाचलेली परीक्षणं हाताला इतकी सवयीची झाली होती, की सिनेमा बघितला नसता तरी एवढं लिहिता आलं असतं.

दुसऱ्या खेपेला बारा घेतले. आठवड्याला एक. नियम दोनच केले: कथा चार ओळींत उरकायची, आणि सिनेमातली एक तरी जागा अशी दाखवायची, जी दुसऱ्या कुठल्याच सिनेमात नाही. ते बाराही पूर्ण झाले. ज्यांना असं काही करून बघायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी ही त्या बारा आठवड्यांची रीत.

पायरी १: यादी करा, पण बाराचीच

जुनं हॉलिवूड म्हणजे ढोबळमानानं १९२७च्या सुमारास सिनेमा बोलायला लागला तेव्हापासून १९६०पर्यंतचा काळ. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ या पाच बड्या कंपन्यांचं राज्य होतं. नट, लेखक, कॅमेरामन सगळे कराराने बांधलेले, पगारी. आपल्याकडे प्रभात कंपनीचा कारभार ज्यांनी वाचलाय त्यांना हे लगेच समजेल. फरक असा, की या पाच कंपन्यांच्या मालकीची थिएटरंही होती. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला चाप लावला आणि तिथून हा डोलारा हळूहळू खचत गेला.

माझी यादी खाली देते. मधल्या दोन-चार नावांवर कोणीही वाद घालू शकेल, खुशाल घालावा.

१२ अँग्री मेन (१९५७), इट हॅपन्ड वन नाइट (१९३४), शेरलॉक ज्युनिअर (१९२४, बोलपटांच्या आधीचा), सिंगिन इन द रेन (१९५२), सिटी लाइट्स (१९३१), डबल इन्डेम्निटी (१९४४), कासाब्लांका (१९४२), रिअर विंडो (१९५४), सनसेट बूलेव्हार्ड (१९५०), द सर्चर्स (१९५६), हिज गर्ल फ्रायडे (१९४०), सम लाइक इट हॉट (१९५९).

क्रम सनावळीचा नाही, सोयीचा आहे. ‘१२ अँग्री मेन’ पहिला, कारण ‘एक रुका हुआ फैसला’ आपण टीव्हीवर बघितलेला असतो. गोष्ट माहीत असली की डोळे मोकळे राहतात, कॅमेरा काय करतोय ते दिसतं. दुसरा त्याच कारणाने: ‘इट हॅपन्ड वन नाइट’ लावला आणि पंधराव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अगं, हा तर चोरी चोरी!” राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि पुढे ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१), दोन्ही याच झाडाची फळं. त्या आठवड्याचं परीक्षण निम्मं आईचंच आहे.

‘सम लाइक इट हॉट’ बघताना मराठी माणसाला ‘अशी ही बनवाबनवी’ आठवणारच. पण घाईने नातं जोडू नका. बनवाबनवीचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये (१९६६) आहे. ‘सम लाइक इट हॉट’वरून निघाला तो ‘रफू चक्कर’ (१९७५). परीक्षणात असली चूक झाली, की वाचणारे बाकीचं सगळं सोडून तेवढीच धरतात. अनुभवाने सांगते.

यादीतले तीन सिनेमे बिली वाइल्डरचे आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. बदलावीशी वाटली नाही. एकाच दिग्दर्शकाचे तीन बघितले की त्याची खोड कळते.

पायरी २: प्रत तपासा

हे काम कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांचं आहे. जुन्या सिनेमांच्या नेटवर फिरणाऱ्या प्रती बऱ्याचदा अर्धवट असतात. लावण्याआधी लांबी बघा. ‘१२ अँग्री मेन’ ९६ मिनिटांचा, ‘कासाब्लांका’ १०२, ‘हिज गर्ल फ्रायडे’ ९२, ‘शेरलॉक ज्युनिअर’ फक्त पाऊण तासाचा. एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक चालेल, दहा मिनिटांचा असेल तर ती प्रत सोडा.

नंतर केलेल्या रंगीत आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. कृष्णधवल सिनेमाचा प्रकाश त्याच हिशेबाने लावलेला असतो. ‘सम लाइक इट हॉट’च्या वेळी रंगीत चित्रीकरण सहज शक्य होतं, पण बाई झालेल्या दोन पुरुषांचा मेकअप रंगीत फिल्मवर हिरवट दिसायला लागला, म्हणून तो मुद्दाम कृष्णधवल केला. आता त्याला कोणी रंग फासायचे म्हणजे काय म्हणावं!

टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी करा. चित्र पडदाभर ताणायचा पर्याय बंद: १९५३मध्ये सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचं तंत्र, येण्याआधीचे बहुतेक सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ताणलं की ‘कासाब्लांका’ची नायिका इन्ग्रिड बर्गमनसुद्धा गोलमटोल दिसते. दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते तीही बंद, नाहीतर सिनेमाची मालिका होते.

काही सिनेमांवर अमेरिकेत आता कुणाचाच हक्क उरलेला नाही. ‘हिज गर्ल फ्रायडे’ आणि ‘शेरलॉक ज्युनिअर’ त्यातले, इंटरनेट आर्काइव्हवर रीतसर मिळतात. बाकीचे भाड्याने किंवा वर्गणीत. एका ठिकाणी माझा सिनेमा अर्धा बघून झाल्यावर महिना संपला आणि तो यादीतून गायबच झाला. तेव्हापासून मी एका बैठकीत बघते.

पायरी ३: आधी दहा मिनिटं, तीही एकाच गोष्टीसाठी

सिनेमाबद्दल आधी वाचू नका. परीक्षणं तर नाहीच. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच माहीत करून घ्या, ती सगळ्या यादीला पुरते: हेज कोड.

१९३०मध्ये कंपन्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेली ही नियमावली. चार वर्षं ती कागदावर होती. १९३४च्या मध्यापासून जोसेफ ब्रीन नावाचा गृहस्थ खुर्चीत बसला आणि त्याच्या कचेरीच्या शिक्क्याशिवाय बड्या कंपन्यांचा सिनेमा बाहेर पडेनासा झाला. गुन्हेगार सुटता कामा नये, व्यभिचार आकर्षक वाटता कामा नये, चुंबन लांबता कामा नये. नवरा-बायकोसुद्धा बहुधा दोन वेगळ्या पलंगांवर. १९६८मध्ये वयानुसार प्रमाणपत्रं आली आणि हा कोड गेला.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडे दोन फुलं एकमेकांना टेकायची, तिकडे कॅमेरा खिडकीकडे वळायचा किंवा पडदा काळा व्हायचा. म्हणून बघताना विचारत राहायचं: इथे काय सांगायचंय, जे सांगायची परवानगी नाही? ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये लग्न न झालेले दोघं एका खोलीत रात्र काढतात, मध्ये दोरीवर घोंगडी टाकून. घोंगडीला ते जेरिकोची भिंत म्हणतात, बायबलच्या गोष्टीत कोसळते ती. पूर्ण प्रेमकथा त्या घोंगडीवर तोललेली आहे, आणि शेवटी ती पडताना दिसते, बाकीचं आपल्याला नुसतं सुचवतात. (हा सिनेमा ब्रीनसाहेब खुर्चीत बसायच्या काही महिने आधीचा. तरीही संयम बघा.)

पायरी ४: बघताना वही, फोन नाही

वहीत वाक्यं लिहायची नाहीत. वेळ आणि दोन-तीन शब्द, एवढंच. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

१०:०० – पट्ट्यापट्ट्यांचं ऊन, धूळ
काडी अंगठ्याने!
दार उलटं??
चष्मा दुकानात, डबे

एका सिनेमाला असे आठ-दहा टिपणं पुरे. वीसच्या वर गेलात तर सिनेमा बघत नाही आहात, हिशेब लिहीत आहात.

भाषेचं सांगते. इंग्रजी सबटायटल लावायला लाजू नका. त्या काळचे नट एका विशिष्ट, अर्ध्या ब्रिटिश धाटणीत बोलतात आणि ‘हिज गर्ल फ्रायडे’त तर एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू होतो. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने ते तसंच हवं म्हणून करवून घेतलं होतं. म्हणूनच तो यादीत अकरावा ठेवलाय, तोवर कान तयार होतो. सबटायटलने दमलात, तर मध्ये मूकपट आहेतच. ‘सिटी लाइट्स’ १९३१चा, म्हणजे सगळं जग बोलपटांच्या मागे लागलेलं असताना चॅप्लिनने हट्टाने संवादांशिवाय केलेला.

पायरी ५: चोवीस तासांत लिहा

बारापैकी ज्या दोन सिनेमांवर मी चार दिवसांनी लिहिलं, ती दोन परीक्षणं सर्वांत पडेल आहेत. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत लिहून टाका, अडीचशे ते तीनशे शब्द. तारे देऊ नका. ‘कासाब्लांका’ला साडेचार दिले काय नि पाच दिले काय, त्याला फरक पडत नाही आणि तुम्हाला विचार करायचं टाळता येतं.

आता वरच्या वहीच्या पानाचं पुढे काय झालं ते दाखवते. सिनेमा ‘डबल इन्डेम्निटी’. पहिल्या खेपेला, त्या तेविसांत, मी यावर लिहिलं होतं:

‘विमा एजंट आणि एका श्रीमंत माणसाची पत्नी मिळून त्या माणसाचा काटा काढायचं ठरवतात. पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहणं योग्य. फ्रेड मॅकमरी आणि बार्बरा स्टॅनविक यांचा अभिनय लाजवाब. छायाप्रकाशाचा खेळ विशेष उल्लेखनीय. थरारपटांच्या चाहत्यांनी चुकवू नये.’

यात खोटं काही नाही. पण ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच’ हे वाक्य या सिनेमाबद्दल लिहिणं म्हणजे तो बघितला नाही असं कबूल करणं. कारण नायक सुरुवातीच्या काही मिनिटांतच रात्री कचेरीत येऊन, सहकाऱ्याच्या डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, खून कबूल करतो. पैशासाठी केला, बाईसाठी केला, दोन्ही हाती लागलं नाही, हेही सांगून टाकतो. रहस्य उरतच नाही. मग माणूस पावणेदोन तास जागचा का हलत नाही? परीक्षण तिथून सुरू व्हायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला मी ‘दार उलटं??’ या दोन शब्दांवर लिहिलं. नायक आपल्या फ्लॅटवर आहे. विमा कंपनीत दाव्यांची छाननी करणारा त्याचा सहकारी कीज अचानक येऊन बसलाय, त्याला या प्रकरणाचा वास लागलाय. तेवढ्यात ती बाई यायची आहे. कीज निघतो, दार उघडतं, ती नेमकी त्याच क्षणी दाराच्या मागे, बाहेरच्या पॅसेजमध्ये. म्हणजे दार बाहेरच्या बाजूला उघडतंय! आपल्याकडे काय नि तिकडे काय, फ्लॅटचं दार आत उघडतं. ही चूक आहे आणि ती करणाऱ्यांना पक्की माहीत असणार. पण दार आत उघडलं असतं, तर तो प्रसंगच झाला नसता: एका चौकटीत तीन माणसं, दोघांच्या मध्ये दार, आणि नायक एकटाच दोघांना बघू शकतो. ती मागून दार हलकेच ओढते, मी इथे आहे हे सांगायला. कीज लिफ्टकडे जाता जाता परत फिरतो. का? तर सिगार पेटवायला काडी नाही. नायक ती नेहमीसारखी अंगठ्याच्या नखाने पेटवून देतो.

ही काडी सिनेमाभर येते. कीजच्या खिशात काडी कधी नसते, नायक दर वेळी पुढे करतो. शेवटच्या प्रसंगात काडी कोण कुणासाठी पेटवतो ते बघा आणि मग सांगा, ही प्रेमकथा नक्की कुणाची. मी तीनशे शब्दांत एवढंच लिहिलं. दार आणि काडी. ‘छायाप्रकाशाचा खेळ’ एका वाक्यात आला, पण या वेळी काहीतरी सांगणारा: कॅमेरामन जॉन साइट्झने व्हेनेशियन ब्लाइंडच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्याची सावली अंगावर अशी पाडलीय, की माणूस घरात पाऊल टाकतो तेव्हाच गजाआड दिसतो, आणि उन्हातली धूळ दिसावी म्हणून हवेत ॲल्युमिनियमचा बारीक चुरा उडवला होता.

तर रीत अशी: वहीतलं सगळ्यात विचित्र टिपण उचला, प्रश्नचिन्ह असलेलं असेल तर उत्तमच. ते नीट सांगा, ज्याने सिनेमा बघितला नाही त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहील असं. मग ते तसं का केलं असेल, याचा अंदाज बांधा. कथा, सन, नावं मध्ये जागा मिळेल तिथे बसवा.

शब्दांचा बाऊ नको. क्लोज-अपला समीपदृश्य म्हणायची काही गरज नाही, शॉटला शॉटच म्हणा. पण संकलन, पटकथा, मूकपट, बोलपट हे आपल्या तोंडातले शब्द आहेत, तिथे उगाच एडिटिंग-स्क्रीनप्ले कशाला.

पायरी ६: खटकलं ते लिहा

जुन्या सिनेमात खटकणारं पुष्कळ सापडेल. ‘द सर्चर्स’ बघताना मूळ अमेरिकी रहिवाशांचं चित्रण बघून अवघडायला होतं, आणि सिनेमा त्या द्वेषाच्या विरोधात आहे की त्यातच रमलाय यावर आजही भांडणं होतात. ‘गंगा दीन’ (१९३९) यादीत नाही, पण हिंदुस्थानची गोष्ट कॅलिफोर्नियात उभी करून, गोऱ्या नटाला सावळा रंग फासून गंगा दीन केलेला बघायचा असेल तर जरूर बघा. आपण त्या पडद्यावर असतो तेव्हा ‘त्या काळी असंच होतं’ हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघत नाही. ‘गॉन विथ द विंड’साठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार, आणि त्याच समारंभात तिला बाकीच्या चमूपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

निषेधाचा परिच्छेद शेवटी चिकटवायचा नाही. जिथे खटकलं, त्या प्रसंगाबरोबरच लिहायचं.

पायरी ७: लिहून झाल्यावर वाचा

आता खुशाल वाचा, ऐका, लोकांशी भांडा. ‘कासाब्लांका’त कॅफेमध्ये जर्मन अधिकारी गात असतात आणि सगळा कॅफे उठून मार्सेयेझ, म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत, म्हणत त्यांना गप्प करतो, तो प्रसंग मला जरा भडकच वाटला होता, तसं लिहिलंही होतं. नंतर वाचलं, की त्या कॅफेतल्या बऱ्याच नटांनी खरोखरच नाझींपासून जीव वाचवून युरोप सोडलेलं होतं. क्लोज-अपमध्ये डोळे भरून गाणारी माडलेन लेबो त्यातलीच. सिनेमा १९४२चा, युद्धाचा निकाल कुणालाच माहीत नव्हता. मी परीक्षण खोडलं नाही, खाली तारीख घालून चार ओळी जोडल्या. तुम्हीही खोडू नका.

असे धागे आपोआप जुळतात. ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये बस्टर कीटन हा झोपलेला प्रोजेक्टर ऑपरेटर सरळ पडद्यावरच्या सिनेमात शिरतो. तो बाकावर बसायला जातो तर बाकच गायब, भर रस्त्यात आपटतो. समुद्रातल्या खडकावरून सूर मारतो तो थेट बर्फात. याच सिनेमात पाण्याच्या टाकीखालच्या प्रसंगात त्याची मान मोडली होती, कळलं कित्येक वर्षांनी. सहा आठवड्यांनी ‘सनसेट बूलेव्हार्ड’ लावला, तर विसरल्या गेलेल्या मूकपटाच्या नटीकडे पत्ते खेळायला बसलेल्यांत तोच कीटन, म्हातारा, तसाच निर्विकार. मी थांबवून परत मागे नेलं. ठरवलेल्या नियमाविरुद्ध फोनही हातात घेतला आणि बहिणीला फोटो पाठवला.

अडलात तर

सातव्या-आठव्या आठवड्यात कंटाळा येतो. सगळ्यांना येतो. त्या आठवड्यात ‘रिअर विंडो’ येईल असं बघा. पाय मोडलेला माणूस खिडकीत बसून समोरच्या चाळवजा इमारतींत डोकावतो, यात मराठी माणसाला शिकवायला काही लागत नाही. एखादा सिनेमा आवडलाच नाही, तर अर्ध्या तासानंतर सोडायची मुभा आहे, पण का सोडला यावर शंभर शब्द लिहायचे. माझा ‘द सर्चर्स’ असाच सुटला होता, दुसऱ्यांदा पुरा केला. एक आठवडा चुकला तर पुढे सरका, एका आठवड्यात दोन बघून भरपाई करू नका.

तेरावा आठवडा

यादी संपल्यावर पहिला सिनेमा परत बघा आणि मगच आपलं पहिलं परीक्षण उघडा.

मी ‘१२ अँग्री मेन’ परत लावला. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर, मग डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटी खाली आणलाय, लेन्सही बदलत नेल्यात, त्यामुळे खोली आकसत जाते, छत दिसायला लागतं. हे तोवर वाचलेलं होतं, म्हणून तेच शोधत होते. पण या वेळी अडकले भलतीकडेच. बारा माणसं घामाघूम, भिंतीवरचा पंखा बंद, सुरुवातीला कोणीतरी बटण दाबून बघतो आणि सोडून देतो. बऱ्याच वेळाने पाऊस येतो, अंधारतं, दिवे लावतात आणि पंखा फिरायला लागतो. दिव्याच्याच बटणावर होता तो.

माझ्या पहिल्या परीक्षणात पंख्याचा शब्दही नाही. ‘उकाड्याचं वातावरण परिणामकारक’, असं मात्र लिहिलंय.